दाराचा फोटो

"चेहरा झाकलाय म्हणजे काय, साहेब? आणि दार कोण झाकणार? तुम्ही?"

बाई फोनवर इतक्या जोरात बोलत होत्या की बाहेर जीपचं चाक बदलता बदलता मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी पाना खाली ठेवला नाही. नट कधीच घट्ट बसला होता, तरी मी तोच आवळत राहिलो. आत जायचं धाडस नव्हतं, कारण ज्या फोटोवरून भांडण चाललं होतं, तो मी काढला होता.

बाई आमच्या केंद्राच्या प्रमुख. कागदावर केंद्राचं नाव हातभर लांब आहे, 'जिल्हा कुटुंब व मानसिक आरोग्य सेवा केंद्र'. प्रत्यक्षात ते बियाण्यांचं जुनं गोदाम आहे. पावसाळ्यात भिंतींना अजून कीटकनाशकाचा वास सुटतो. आत दोन टेबलं. एकावर घरातली भांडणं, मारहाण, मूल कुणाकडे राहणार असले वाद. दुसऱ्यावर मनाचे आजार. दोन्ही टेबलांना मिळून माणसं दोन, बाई आणि सिस्टर. डॉक्टर महिन्यातून एकदा उगवतो. आणि गावं चाळीस. मी ड्रायव्हर. मला सगळे 'ब्रेक' म्हणतात, रस्त्यात कोंबडी आली तरी मी गाडी थांबवतो म्हणून.

आमच्या जीपच्या दोन्ही अंगांना ते हातभर नाव रंगवलेलं आहे. पण लोक कुठे एवढं वाचत बसतात? चाळीसही गावांत तिला 'वेड्यांची गाडी' म्हणतात. म्हणून बाईंनी अकरा वर्षांपूर्वी एक पद्धत पाडली होती. गावात गेलं की गाडी दूध संकलन केंद्राच्या मागे लावायची. बाई वजनकाटा खांद्याला अडकवून पायी निघणार. आधी तीन घरांतल्या लहान पोरांची वजनं करायची, मग पेशंटच्या घरी जायचं, मग परत तीन घरांतली वजनं. गावाला वाटायचं, बाई बाळांसाठी येतात. कोणाच्या घरात गोळ्या चालू आहेत याचा अकरा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मग जिल्ह्याला नवीन साहेब आले. त्यांनी फतवा काढला, भेट दिली याला पुरावा काय? यापुढे गाडी थेट दारात उभी करायची, घर, गाडी आणि पेशंट एका फोटोत आले पाहिजेत. फोटो नाही तर भेट नाही, आणि भेट नाही तर डिझेल नाही. बाईंनी दोन पत्रं लिहिली. उत्तर म्हणून तोच फतवा पुन्हा आला, यावेळी लाल अक्षरांत.

त्या आठवड्यात बाई एका मुलाच्या ताब्याच्या केससाठी कोर्टात गेल्या होत्या. सिस्टर आणि मी सुताराच्या गावाला निघालो. टाकीत जेमतेम येण्याजाण्यापुरतं डिझेल होतं. मी सिस्टरला म्हणालो, "एक फोटो देऊन टाकू. एकाने काय होतंय?"

सिस्टर म्हणाली, "बाईंना विचारून घेऊ या."

"बाई कोर्टात आहेत. फोन बंद असेल."

मी लावूनसुद्धा पाहिला नाही. हे मी आज सांगतोय, त्या दिवशी कुणाला सांगितलं नव्हतं.

सुतार म्हणजे आमचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला पेशंट. बायको गेली त्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. कोणीतरी भिंतीपलीकडून बोलतंय, नाव घेऊन हाका मारतंय, असं व्हायचं. सात वर्षं झाली गोळी सुरू करून. आवाज गेले, काम परत आलं, हात तर असे की वीस गावांत त्याच्यासारखी चौकट कुणाला जमत नाही. घरात तो आणि नऊ वर्षांची मुलगी. आपल्या घराचं दार त्याने स्वतः कोरलं होतं. वरपासून खालपर्यंत पक्षी, एकासारखा दुसरा नाही. मुलगी रांगत होती तेव्हा तिला दाखवायला म्हणून एकेक कोरत गेला होता. ते दार बघायला परगावचे लोक थांबायचे.

मी गाडी त्या दारात नेली. तो रंधा हातात घेऊन बाहेर आला आणि गाडीकडे बघून म्हणाला, "अरे, इथे कशाला आणलीस?"

"एका मिनिटाचं काम आहे, दादा. फोटो काढतो आणि लगेच काढतो गाडी."

त्याने रंधा खाली ठेवला. माझ्यावर विश्वास होता ना त्याचा. सात वर्षं मीच त्याला गावाबाहेर ओढ्यापाशी गाडीत घेऊन महिन्याच्या महिन्याला डॉक्टरकडे नेत आणत होतो. उभा राहिला बिचारा.

आणि मी काय केलं? मला फोटोंची हौस. दारावर सावली होती, पक्षी नीट उठून दिसत नव्हते. मी दहा मिनिटं थांबलो. ऊन दारावर सरकू दिलं. तोवर समोरच्या ओट्यावर चार माणसं जमली, गिरणीवाला दळण सोडून बाहेर आला. मग मी फोटो काढला. काय सुंदर आला होता! अगदी बाईंना दाखवावा असा.

साहेबांनाही तो आवडला. इतका आवडला की त्यांनी त्याचं बॅनर करून घेतलं, बैलगाडीएवढं, आणि आठवडी बाजाराच्या फाटकावर टांगलं. 'मानसिक रुग्णांच्या दारी आमची सेवा.' नियमाप्रमाणे सुताराचा चेहरा पुसून टाकला होता. तिथे नुसता राखाडी गोळा. आणि त्या गोळ्यामागे ते दार, एकूण एक पक्षी स्पष्ट.

वीस गावांत ते दार कुणाचं हे न सांगणारा एक माणूस सापडला असता तर मी मिशा उतरवल्या असत्या.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दोन चौकटींची ऑर्डर परत गेली. शाळेत पोरं मुलीच्या कानाशी जाऊन तिच्या बापाच्या नावाने हाका मारायला लागली. आणि चौथ्या दिवशी मुलीचा मामा आमच्या केंद्रात हजर. त्याचं घर त्याच गावात, मळणीयंत्र चालवतो. हातात अर्ज आणि बाजारातल्या बॅनरचा फोटो.

"वेड्याच्या घरात माझी भाची एक दिवस ठेवणार नाही," तो म्हणाला. "घरात करवती आहेत, पटाशी आहे, वाकस आहे. उद्या काही झालं तर?"

बाई म्हणाल्या, "गेल्या सात वर्षांत त्याच हत्यारांनी त्याने तुमच्या घराच्या खिडक्या बसवल्या. तेव्हा नाही भीती वाटली?"

"तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तोवर माणूस चांगला होता, आणि माहीत झाल्यावर बिघडला? बिघडला कोण, तो की तुम्ही?"

"बाई, मला शिकवू नका. बॅनर सरकारचं आहे. मी लावलेलं नाही."

बाईंना शिक्का मारून अर्ज ठेवून घ्यावा लागला. नियम असा की तक्रार आली की सात दिवसांत निकाल लावायचा, आणि तोवर मूल जवळच्या नातेवाइकाकडे. म्हणजे मामाकडेच. एका टेबलावर आम्ही माणसाला बरं करायचं आणि दुसऱ्या टेबलावरून त्याच आजारासाठी त्याचं मूल काढून घ्यायचं. तेच केंद्र, तेच शिक्के.

मी चाक बदलत असताना बाई साहेबांशी भांडत होत्या, ते याच्यानंतरच. फोन आपटल्याचा आवाज आला. बाई बाहेर आल्या. पायात त्यांचे ते पुरुषी बूट, चेहरा लालबुंद.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, नियमात बसतंय. चेहरा झाकलाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू फोन लावला होतास मला त्या दिवशी?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या नजरेपुढे बोलवेना. "नाही, बाई."

मला वाटलं, आता माझी सालटी काढतात. त्या सरळ जीपमध्ये जाऊन बसल्या. ते जास्त लागलं.

"चल," म्हणाल्या. "मुलीला मामाकडे सोडायचंय."

सुताराच्या घरी पोचलो तर अंगणात हा एवढा भुशाचा ढीग. दार अर्धं सपाट झालेलं. सुतार घामाने निथळत रंधा मारत होता. खालचे पक्षी गेले होते, वरचे उरले होते. प्रत्येक फटक्याला एखादा पंख, एखादी चोच वळवळत खाली पडत होती. मुलगी उंबऱ्यावर कपड्यांची पिशवी घेऊन बसली होती.

"दादा, हे काय करता?" बाई ओरडल्याच.

"दार ओळखतात ना, बाई?" तो न थांबता म्हणाला. "मग दारच नको."

मुलीला जीपमध्ये बसवलं. ती रडली नाही. मामाच्या घरापर्यंतचं अंतर शंभर पावलं, तरी नियमाप्रमाणे सरकारी गाडीतून न्यायचं होतं. मामी दारातच उभी होती. तिने पिशवी घेतली, पोरीला आत नेलं, आणि आमच्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

आम्ही परत निघालो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं, नुसते खुंट, आणि वाऱ्याने उडणारी तांबडी माती. दात करकरत होते. ओढ्यापाशी आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "गावात घरं किती?"

"असतील ऐंशी पंच्याऐंशी."

"साहेबांना फोटोच पाहिजेत ना? देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आमची गाडी गावाच्या पहिल्या दारात उभी. घर होतं गिरणीवाल्याचं.

"ए, ए! इथे नको!" तो पिठाच्या हातांनीच धावत आला. "माझ्या घरात कोणी तसलं नाही!"

"तसलं म्हणजे कसलं?" बाई खाली उतरल्या. "केंद्र कुटुंबाचंही आहे. कुटुंब आहे ना तुम्हाला? मग भेटीला आलो. झोप लागते का? जेवण जातं का? रागाच्या भरात कुणावर हात उचलता का?"

"मी? मी कशाला उचलू?"

आतून त्याची म्हातारी ओरडली, "खोटं बोलतोय! परवाच ताट फेकलं होतं!"

बाईंनी वहीत लिहिलं. मी फोटो काढला. घर, गाडी, गिरणीवाला. पुढचं दार.

काय सांगू त्या दोन दिवसांचं! कुणी शिव्या घातल्या, कुणी कुत्रं सोडलं, एकाने तर चाकाची हवा सोडली. मी हवा भरली आणि गाडी त्याच दारात आणखी अर्धा तास उभी ठेवली. बाई प्रत्येक घरी तेच तीन प्रश्न विचारत होत्या, आणि असं नाही की दाखवण्यापुरतं. खरंच बसत होत्या, ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक आत्या काठी टेकत गाडीच्या आडव्या आल्या. "माझ्या दारात का नाही थांबलात रे? मी काय माणूस नाही? दोन वर्षं झाली लेक गेल्याला, मला विचारलंय कुणी, झोप लागते का म्हणून?" बाई त्यांच्याकडे पाऊण तास बसल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या आणि शिव्याही देत होत्या. कुणाला देत होत्या ते मी विचारलं नाही.

मामाचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तो मळणीवर गेलेला. मामी बाहेर आली. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "झोप लागते का?" आणि मामी उंबऱ्यातच बसली. चार महिने झाले म्हणाली. पहाटेपर्यंत छातीत धडधडतं, सगळं घर कोसळणार असं वाटतं, कुणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो काम कमी पडतंय तुला. सुताराची मुलगी तिच्या मागे उभी होती. तिने मामीला पाणी आणून दिलं आणि बाईंना म्हणाली, "बाबा सांगतो, त्याला पण आधी असंच व्हायचं."

तेवढ्यात मामा आला. कुणीतरी रानात जाऊन सांगितलं असणार. लांबूनच बोंब मारत आला, "गाडी काढ! माझ्या दारातून गाडी काढ म्हणतो! लोक काय म्हणतील?"

बाई उठल्या. त्या त्याच्या खांद्यापर्यंत येतात, पण त्या दिवशी तोच बुटका वाटत होता.

"काय म्हणतील? दहा मिनिटं झाली गाडी उभी आहे तुमच्या दारात. फोटोही निघालाय. आता तुमची पोरं कुणाकडे पाठवू ते सांगा. घरात मळणीयंत्राची पाती आहेत, कोयते आहेत. उद्या काही झालं तर?"

"माझ्या घरात कोणी आजारी नाही!"

"आहे," मामी उंबऱ्यातूनच म्हणाली. "मी आहे."

मामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण मामीकडे बघून तो टिकला नाही.

सातव्या दिवशी केंद्रात सुनावणी. साहेब स्वतः आले, सोबत बाटलीबंद पाणी. बाईंनी त्यांच्या टेबलावर फोटोंचा गठ्ठा ठेवला, त्र्याऐंशी घरं, त्र्याऐंशी गाड्या. सगळे चेहरे नियमाप्रमाणे झाकलेले.

"यातला आजारी कोण, ते दाखवा, साहेब."

साहेबांनी चार फोटो उलटले. "हा काय पोरखेळ आहे?"

"पुरावा आहे. तक्रारीला पुरावा म्हणून तुमच्या बॅनरचा फोटो जोडलाय. दारात गाडी म्हणजे घरात धोका. मग हे गाव रिकामं करा, नाहीतर ही तक्रार फेटाळा."

साहेबांनी मुलीला बोलावलं. विचारलं, घरी हत्यारांची भीती वाटते का. ती म्हणाली, "बाबा सकाळी गोळी घेतो, मी बघते. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर तो स्वतःच सांगतो. त्या दिवशी करवतीला हात लावत नाही. आम्ही रंग देतो मग. मला मोठा ब्रश देतो."

सुतार भिंतीकडे तोंड करून उभा होता. मामा खुर्चीतून उठला, टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या करून खिशात घातला. सुताराकडे बघितलंही नाही. बाईंना मात्र जाता जाता हळूच विचारलं, "डॉक्टर कोणत्या तारखेला येतो?"

मुलगी त्याच दिवशी घरी गेली. बॅनर उतरवायला साहेब तयार नव्हते. नवीन छापून येईपर्यंत राहू द्या म्हणाले. ते मी मुलीला सोडून येताना उतरवलं. उतरवलं म्हणजे फाडलं.

महिन्याभराने जिल्ह्याहून पत्र आलं. मी घाबरलो, बॅनरचं असेल. ते अभिनंदनाचं निघालं. दोन दिवसांत त्र्याऐंशी भेटी, जिल्ह्यात विक्रम. आणि खाली दुसरा परिच्छेद. यापुढे प्रत्येक गावात दोन दिवसांत एवढ्याच भेटी व्हाव्यात, फोटोसह. बाईंनी ते पत्र वाचलं, हसल्या, आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी करून घातलं. आता टेबल हलत नाही.

सुताराचं काम हळूहळू परत आलं. गिरणीवाल्यानेच पहिली चौकट सांगितली. दार मात्र सपाटच आहे. बाईंनी एकदा म्हणून पाहिलं, पुन्हा कोरा की. तो म्हणाला, लाकूड तेवढं जाड राहिलं नाही आता.

आणि माझ्या गाडीत तो बसत नाही. मी माफी मागितली, दोनदा. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "तुझ्यावर राग नाही रे." पण डॉक्टरच्या तारखेला मुलीला घेऊन पहाटेच घरून चालत निघतो. नऊ मैल आहेत. मी गाडी घेऊन जातो तेव्हा तो ओढ्यापर्यंत आलेला असतो. मुलीचे पाय दुखतात म्हणून तिला तेवढं बसू देतो. ती माझ्या शेजारी बसते, तो बाहेर गाडीच्या कडेने चालतो, आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या पावलाने गाडी चालवतो. पोरगी खिडकीतून त्याच्याशी गप्पा मारते. माझ्याशी तो बोलत नाही.

अर्ध्या तासाच्या रस्त्याला अडीच तास का लागतात, म्हणून जिल्ह्याने मागच्या महिन्यात माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं, रस्ता खराब आहे. रस्ता मागच्याच वर्षी नवीन झालाय.